तिच्या वयाचा पुरावा

महाराष्ट्रात साठी-सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी माणसांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून असते. शाळा जूनमध्ये भरायची, घरच्यांना तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी अंदाजाने साल धरायचे आणि पुढे १ जून लिहून मोकळे व्हायचे. मूल शाळेच्या वयाचं झालं का, हे पाहायला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. पूर्व आफ्रिकेत, टांझानियात आणि केनियातही, हीच परीक्षा होती. कान हाताला लागला तर शाळा, नाही तर पुढच्या वर्षी या.

मुलग्यांचं या अंदाजपंचे तारखेने फार बिघडलं नाही. नोकरीतून निवृत्त होताना वर्ष-दीड वर्ष इकडेतिकडे झालं, एवढंच. शाळेतच न गेलेल्या मुलीच्या वाट्याला मात्र ती १ जूनसुद्धा आली नाही. तिचं वय ठरायचं ते लग्नाच्या बोलणीत. ठरवणारे सगळे तिच्याहून मोठे, आणि ते वाढवून सांगण्यात त्यांचा काही ना काही फायदा. ‘नहाण आलंय, म्हणजे झाली की मोठी’ या वाक्यापुढे ठेवायला तिच्याजवळ काहीच नसायचं. आजही जगात लाखो मुलींजवळ नाही. श्रीमंत देशांच्या पैशातून गरीब देशांत होणारी जन्मनोंदणी आणि तिला बांधलेले मुलींचे हक्क हा पुढच्या पानांचा विषय आहे. त्यात शिरण्याआधी तो इतका महत्त्वाचा का वाटतो, हे सांगणं मला भाग आहे.

युनिसेफने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजाप्रमाणे जगात पाच वर्षांखालच्या सुमारे १५ कोटी मुलांची जन्मनोंदच झालेली नाही. नोंद झाली, पण हातात दाखला नाही, अशी आणखी पाच कोटींहून जास्त. २०१३ साली नोंद नसलेल्यांचा आकडा २३ कोटी होता, तेव्हा काम झालेलं आहे. पण उरलेल्यांपैकी सुमारे ९ कोटी मुलं सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत. तिथे जन्म इतक्या झपाट्याने वाढताहेत की टक्केवारी सुधारली तरी नोंदीवाचून राहिलेल्या मुलांची संख्या हटत नाही.

या आकड्यांत एक गोष्ट पहिल्यांदा चक्रावून टाकते. जगभराचा हिशेब केला तर मुलगे आणि मुली यांच्या नोंदणीच्या प्रमाणात म्हणावा असा फरक दिसत नाही. नोंद राहून जाते ती गरिबाच्या मुलाची, दूरच्या वस्तीतल्या मुलाची, न शिकलेल्या आईच्या मुलाची. मग तो मुलगा असो की मुलगी. असं असताना जन्मनोंदणीला मुलींच्या हक्कांशी का जोडायचं?

जोडायचं, कारण नोंद नसण्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही. वयावर उभे असलेले कायदे आठवून पाहा: लग्नाचं किमान वय, संमतीवय, मजुरीवरची बंदी, सक्तीचं शिक्षण. मुलग्यालाही त्यांची गरज पडते. टोळ्यांनी हाती बंदूक दिलेला पोरगा, सज्ञान ठरवून तुरुंगात टाकलेला पोरगा, यांनाही जन्मतारीखच वाचवू शकते. पण मुलीच्या बाबतीत वयाचा वाद दहाव्या-बाराव्या वर्षीच उभा राहतो, आणि बहुतेक वेळा घरातच उभा राहतो. समोर आई-बाप, मामा, सोयरे असतात. त्यांच्याशी तिला तोंडी वाद घालता येत नाही. तिच्या वतीने बोलू पाहणाऱ्या शिक्षिकेला, आरोग्यसेविकेला किंवा पोलिसाला दाखवायला एक तारीख लागते, आणि ती तारीख वाद उभा राहण्याच्या कितीतरी आधी, कुणाचाच काही स्वार्थ नसताना, लिहिलेली असावी लागते. जन्माच्या वेळी झालेल्या नोंदीची ताकद इथे आहे.

आपल्याला हे परक्याच्या तोंडून शिकायला नको. लहानपणी लावून दिलेलं लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंचा खटला, १८९१ चा संमतीवयाचा कायदा आणि त्यावरून पेटलेला वाद हा महाराष्ट्राच्याच घरातला इतिहास आहे. पुढे १९२८ मध्ये सरकारने संमतीवयाची चौकशी करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते विदर्भातले सर मोरोपंत विश्वनाथ जोशी. मुलीचं वय सिद्ध कसं करायचं, ही अडचण त्या समितीपुढेही होतीच. १९२९ मध्ये सारडा कायदा झाला, मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरलं, आणि बहुतेक गावांत ते चौदा मोजायला नोंदच नव्हती. जन्म-मृत्यूची नोंद देशभर सक्तीची करणारा कायदा यायला १९६९ साल उजाडलं. मधली चाळीस वर्षं लग्नाचा कायदा होता आणि वयाचा भरवशाचा पुरावा नव्हता. त्या चाळीस वर्षांत किती मुलींना त्या कायद्याचा काडीचाही उपयोग झाला नसेल, याचा विचार मनातून जात नाही.

आता टांझानियाकडे येते. हे उदाहरण मी जरा विस्ताराने मांडणार आहे, कारण परदेशी मदत कुठे कामाला येते आणि कुठे तिचे हात तोकडे पडतात, हे दोन्ही तिथे स्पष्ट दिसतं.

२०१० च्या राष्ट्रीय पाहणीत टांझानियातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जेमतेम १६ टक्क्यांची जन्मनोंद सापडली. दाखला तर त्यांच्यातल्याही साधारण निम्म्यांच्याच घरात होता. झांझिबारची नोंदणी वेगळी चालते आणि तिथे परिस्थिती खूपच बरी होती. मागे होती ती मुख्य भूमी. आई-बापांना किंमत नव्हती म्हणून हे झालं, असा निष्कर्ष शहरात बसून काढणं सोपं आहे. प्रत्यक्षात अडचण रस्त्याची आणि पैशाची होती. मूल दवाखान्यात जन्मलं तर जन्माची सूचना देणारी चिठ्ठी मिळायची. ती घेऊन जिल्ह्याच्या गावी जायचं, शुल्क भरायचं, मग दाखला. शेतकरी बाईने दिवसाची मजुरी बुडवून, बसभाडं खर्चून, तान्हं मूल पाठीला बांधून तो कागद आणायचा, आणि त्या कागदाचं काम पडणार पुढे कधीतरी शाळेत. त्या काळात जवळजवळ निम्मी बाळंतपणं घरीच होत होती. त्या घरांत चिठ्ठीसुद्धा पोचत नव्हती.

देशाच्या नोंदणी संस्थेने, तिचं संक्षिप्त नाव रिटा, युनिसेफच्या साथीने ही वाट बदलायला घेतली. कॅनडा सरकारने पैसा दिला, टिगो या मोबाइल कंपनीने यंत्रणा दिली. २०१२ मध्ये दारेसलामच्या तेमेके भागात प्रयोग झाला, २०१३ मध्ये दक्षिणेकडच्या म्बेया प्रांतात काम सुरू झालं आणि मग एकेक प्रांत जोडत गेले. बदल वाचायला किरकोळ वाटतील. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी शुल्क माफ. नोंद करण्याचा आणि दाखला देण्याचा अधिकार जिल्ह्याच्या कचेरीतून खाली उतरवून दवाखान्यातल्या नर्सला आणि वॉर्डच्या कार्यकारी अधिकाऱ्याला, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामसेवकाच्या जोडीच्या माणसाला, दिला. दोन टप्प्यांचं काम एका टप्प्यात आणलं.

प्रत्यक्षात ते असं चालतं. लसीकरणाच्या दिवशी बाया मुलं घेऊन रांगेत बसलेल्या असतात. नर्स बाळाचं क्लिनिकचं कार्ड पाहते, वजन करते, सुई देते. मग त्याच टेबलावर अर्ज पुढे ओढते: बाळाचं नाव, जन्माची तारीख, ठिकाण, आईचं नाव, बापाचं नाव. छापील दाखला ती हातानेच भरते, सही-शिक्का करते आणि आईच्या हातात देते. तोच तपशील मोबाइलवरून मध्यवर्ती नोंदीत जातो. आई लसीसाठी आलेली असते, घरी जाताना तिच्याजवळ मुलाचा जन्मदाखला असतो.

हाताने लिहिलेला दाखला, हे या साऱ्या कामातलं मला सर्वांत शहाणपणाचं वाटलेलं पाऊल आहे. संगणकावरून छापलेला, सुरेख कागदावरचा दाखला द्यायचा म्हटलं असतं, तर वीज, प्रिंटर आणि शाई जिथवर पोचते तिथवरच तो पोचला असता. मदत देणाऱ्यांना यंत्रसामग्री दाखवायला आवडते, तिचे फोटो चांगले येतात. इथे तंत्रज्ञान होतं, पण ते आईच्या आणि दाखल्याच्या मध्ये आडवं आलं नाही. फोनला रेंज नसली तर निरोप संध्याकाळी जाईल. दाखला आत्ता मिळेल. दाखला आत्ता मिळण्याला फार महत्त्व आहे, कारण ‘पुढच्या आठवड्यात या’ असं सांगितलेली गरीब बाई बहुधा परत येत नाही.

काम प्रांताप्रांताने पुढे सरकत होतं, त्यामुळे राष्ट्रीय आकडा सावकाश हलला: २०१५-१६ च्या पाहणीत २६ टक्के. जिथे नवी पद्धत पोचली होती तिथे मात्र वर्षानुवर्षांचा अनुशेष भराभर निघाला. याचा बोजा नर्सवर पडला, हेही नोंदवलं पाहिजे. तिच्याकडे लसी होत्या, गरोदर बाया होत्या, औषधांचा साठा होता, त्यात हे लिहिण्याचं काम आलं. नोंदणीची कुठलीही योजना शेवटी अशाच एखाद्या बाईच्या लिहित्या हातावर उभी असते. तिच्या पगाराचा आणि वेळेचा हिशेब ज्या योजनेत नाही, ती योजना मुदत संपताच बसते.

आता दुसरी बाजू. म्बेयातल्या एखाद्या मुलीजवळ दाखला आहे, त्यावर तारीख आहे, ती पंधरा वर्षांची आहे हे निर्विवाद आहे. टांझानियाच्या १९७१ च्या विवाह कायद्याप्रमाणे आई-बापांची संमती असली की पंधराव्या वर्षी मुलीचं लग्न कायदेशीर होतं. न्यायालयाने परवानगी दिली तर चौदाव्यालाही. मुलग्याला मात्र एरवी अठरा पूर्ण हवीत. म्हणजे कष्टाने मिळवलेला दाखला फार तर एवढंच सिद्ध करणार की हे लग्न कायद्यात बसतं! २०१५-१६ च्या त्याच पाहणीत, २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ३१ टक्के जणींची लग्नं अठरा व्हायच्या आत झालेली निघाली.

या कायद्याला आव्हान दिलं रेबेका ग्युमी या तरुण टांझानियन वकील बाईने. जुलै २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ती कलमं घटनाबाह्य ठरवली आणि दुरुस्तीसाठी सरकारला एक वर्ष दिलं. सरकारने अपील केलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये अपील न्यायालयानेही निकाल कायम ठेवला. त्यानंतरही संसदेतली दुरुस्ती रेंगाळतच राहिली. ग्युमी यांना २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मला मोलाची वाटते ती एक गोष्ट: ही लढाई तिथल्याच बाईने, तिथल्याच न्यायालयात, तिथल्याच घटनेच्या आधारे लढली. कॅनडाचा पैसा नर्सच्या टेबलापर्यंत पोचू शकतो. विवाह कायद्याचं कलम बदलायला देशातलीच माणसं उभी राहावी लागतात, आणि बाहेरच्यांनी ते काम अंगावर घेतलं तर ‘हे गोऱ्यांचं कारस्थान’ म्हणून झटकून टाकणं विरोधकांना सोपं जातं. संमतीवयाच्या वादात आपल्याकडे नेमकं हेच झालं होतं.

शाळेच्या बाबतीतही असंच दिसलं. २०१६ मध्ये टांझानियाने शिक्षण कायदा बदलून विद्यार्थिनीशी लग्न करणाऱ्याला किंवा तिला गरोदर करणाऱ्याला तीस वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद केली. पण दुसऱ्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी जाहीर सभेत सांगितलं की गरोदर राहिलेली मुलगी शाळेत परत येणार नाही. मुलींना काढून टाकण्याची जुनी रीत अशी आणखी घट्ट झाली. जागतिक बँकेच्या माध्यमिक शिक्षणासाठीच्या ५० कोटी डॉलरच्या कर्जावरून मोठा वाद झाला. ते थांबवावं, म्हणजे सरकार नमेल, असं तिथल्या काही कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं. थांबवलं तर शिक्षा लाखो मुलामुलींना होईल, असं इतरांचं. मार्च २०२० मध्ये कर्ज मंजूर झालं. बंदी उठली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये, समिया सुलुहू हसन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर. पैसा रोखून हक्क मिळवता येतात का, याचं एका शब्दातलं उत्तर मला या प्रकरणातून सापडत नाही. ज्यांना सापडतं, त्यांनी शाळेबाहेर बसवलेल्या मुलींची ती चार-साडेचार वर्षं हिशेबात धरावीत.

दाखला खोटाही असू शकतो, हे बांगलादेशाने दाखवलं. तिथे २००४ च्या जन्मनोंदणी कायद्यानंतर, युनिसेफ आणि इतर मदतदारांच्या पाठबळावर, मोठं काम झालं. पण ह्यूमन राइट्स वॉचच्या २०१५ च्या अहवालात गावपातळीवरचे अधिकारी थोडे पैसे घेऊन मुलीचं वय वाढवून दाखला देतात, हे अनेक कुटुंबांच्या तोंडून आलं. नोंद मोठेपणी, लग्न ठरल्यावर केली की तिच्यात आणि गुरुजींच्या १ जूनमध्ये फरक उरत नाही. उलट सरकारी शिक्क्याने खोटं पक्कं होतं. म्हणून ‘किती दाखले वाटले’ या आकड्यावर खूश होणाऱ्या प्रकल्पाला मी आधी विचारीन, जन्मापासून वर्षभराच्या आत किती नोंदी झाल्या?

आणि नोंदवहीचं भयही खरं आहे. टांझानियाच्या शेजारच्या रवांडात बेल्जियन सत्तेने ओळखपत्रांवर हुतू की तुत्सी हे लिहायला लावलं. १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर तीच ओळखपत्रं पाहून माणसं मारली गेली. जन्माच्या नोंदीत काय लिहायचं याइतकंच काय लिहायचं नाही हे महत्त्वाचं असतं. परदेशी पैशाने एखाद्या देशाची नोंदणी संगणकावर चढवताना हा प्रश्न पहिल्या बैठकीत यायला हवा, शेवटच्या नाही.

मग बाहेरच्यांनी यात पैसा घालावाच का? घालावा. मुलाला जन्मल्याबरोबर नाव आणि नोंद मिळाली पाहिजे, हे १९८९ च्या बालहक्क संहितेचं सातवं कलम सांगतं, आणि २०३० पर्यंत प्रत्येकाला कायदेशीर ओळख देण्याचं उद्दिष्ट सगळ्या देशांनी मिळून स्वीकारलं आहे. पण ज्या देशाला औषधं पुरत नाहीत, तो नोंदवहीला पैसे शेवटी देतो. लस टोचली तर या वर्षी मूल वाचलं असं म्हणता येतं. नोंदीचं फळ पंधरा वर्षांनी दिसतं, कधी त्याहून उशिरा. आपल्याकडे कोतवाल बुकातल्या जुन्या जन्मनोंदी आज नातवंड-पतवंडं जातीच्या दाखल्यासाठी धुंडाळतात. लिहिणाऱ्या कोतवालाला त्याची काय कल्पना असणार? इतक्या लांबच्या फळासाठी पैसा घालायला कुणीतरी बाहेरचा, निवडणुकीची घाई नसलेला लागतो.

कॅनडाने हे बऱ्यापैकी सातत्याने केलं. २०११ मध्ये ११ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय बालिका दिन ठरवण्याच्या ठरावात पुढाकार त्याचाच होता. मातामृत्यू आणि बालमृत्यू कमी करण्याच्या त्याच्या कार्यक्रमात नागरी नोंदणीला स्वतंत्र पैसा मिळाला, आणि ओटावात या विषयाचं एक तज्ज्ञ केंद्र उभं राहिलं. पण अशा मदतीची मुदत तीन-पाच वर्षांची असते आणि तिकडे सरकार बदललं की प्राधान्यही बदलतं. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने आपली विदेशी मदत एकदम आखडली, तेव्हा १९८४ पासून चालत आलेला लोकसंख्या आणि आरोग्य पाहण्यांचा कार्यक्रमही थांबवण्यात आला. टांझानियाचे १६, २६ आणि ३१ टक्के हे वर दिलेले आकडे त्याच पाहण्यांतले आहेत. नोंद नसलेल्या मुली किती, हे मोजायलाच कुणी नसेल तर त्यांच्यासाठी पैसा मागणार कशाच्या जोरावर? पुढे काही पैसा इतरांनी उभा केला, पण एका देशाच्या निर्णयाने नव्वदेक देशांचा आरसा काढून घेतला जाऊ शकतो, हे सगळ्यांनी पाहिलं.

मराठी वाचकाने हा विषय लांबचा समजू नये, याला आणखी एक कारण आहे. भारत आता मदत घेणारा कमी आणि देणारा जास्त आहे. टांझानियातल्या शहरांच्या पाणीयोजनांना भारताने ५० कोटी डॉलरचं कर्ज दिलं, झांझिबारमध्ये मद्रास आयआयटीची शाखा २०२३ मध्ये सुरू झाली, आणि १९६४ पासून आयटेक योजनेखाली आफ्रिकेतले अधिकारी इथे शिकायला येतात. पाइप, इमारत, शाखा यांच्या शेजारी नोंदवहीलाही भारताच्या मदतीत ठळक जागा मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे. आपल्याजवळ त्यासाठी सांगण्यासारखं आहे, त्यात फुशारकी मारण्यासारखं सगळंच नाही. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये ‘नकुसा’ नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींना नवी नावं द्यावी लागली. त्यांची नोंद होती, पण ‘नको’ म्हणूनच झालेली होती. बहुतेक जन्मांची नोंद होणाऱ्या महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती, आणि बीडमध्ये हे प्रमाण त्याच्या दुपटीच्या घरात होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांच्या मागे गावात वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न दाखल्याने सुटत नाही. त्याला वसतिगृह लागतं, हंगामभर चालणारी शाळा लागते. म्बेयाची नर्स आणि बीडची ग्रामसेविका एका वर्गात बसल्या, तर पहिलीला लसीच्या टेबलावरचा तत्काळ दाखला शिकवता येईल आणि दुसरीला त्या दाखल्यानंतर काय काय लागतं ते सांगता येईल. आयटेकच्या यादीत असा वर्ग सुरू करायला फार पैसे पडणार नाहीत.